अंधाराचा पक्का बंदोबस्त

२० ऑगस्ट
आजपासून घरातल्या उजेडाचं खातं माझ्याकडे. कोणी दिलं नाही, मीच घेतलं. गेल्या वर्षी वादळात वीज गेली आणि माझ्या बायकोने, हात्सुएने, आपल्या आईला उचलून थेट भावाकडे नेलं. का, तर सेइकिचीकडे जनरेटर आहे! मग मीही गेलो. मेहुण्याचं घर, मेहुण्याचा दिवा, मेहुण्याचेच विनोद. यंदा अख्खं मियाको बेट काळोखात बुडालं तरी या घरातून कोणी हलणार नाही. सासूबाईंनाही हलायचं नसतं. ‘मला माझ्या घरात राहू दे गं,’ म्हणत होत्या बिचाऱ्या.

२३ ऑगस्ट
सोलर कंदील आले. सहा. हात्सुए म्हणाली, ‘अहो, दोन पुरले असते. आई तर अंधार पडायच्या आत झोपते.’ प्लॅनिंग म्हणजे काय ते हिला समजावणं अवघड. सूचनांचा कागद वाचला नाही. बोटीच्या तिकीट ऑफिसात जन्म गेला माझा. बटण कसं दाबायचं ते मला कागदाने शिकवू नये.

२६ ऑगस्ट
कंदील तीन दिवस खिडकीत, तरी चार्ज नाहीत. माल बोगस. सासूबाई जवळ येऊन बघून म्हणाल्या, ‘जावईबापू, हे पालथे का घातलेत?’ म्हटलं, आराम देतोय.
सुलटे केले. (स्वतःहून.)

१ सप्टेंबर, संध्याकाळ
रिहर्सल. घरातले सगळे दिवे बंद, टॉर्च आणि कंदील चालू. उजेड उत्तम. टेबलफॅन तेवढा दिसला नाही. अंगठा सुजलाय.
हात्सुए: ‘उजेड उत्तम होता, तर फॅन कसा दिसला नाही?’
काही लोकांना फक्त चुका दिसतात.

२ सप्टेंबर
मेणबत्त्या घरातून हद्दपार. आग लागण्याचा धोका. सगळ्या सेइकिचीला देऊन टाकल्या. त्याला अजून गरज पडेल.

४ सप्टेंबर
सेइकिचीला मुद्दाम जेवायला बोलावलं. सहाही कंदील, दोन्ही टॉर्च, सगळं फुल. तो गेला तरी मी बंद केले नाहीत. वाटेवरून वळून बघेल म्हणून. ‘भाऊजी, लग्नघर वाटतंय!’ म्हणाला. जळला.

५ सप्टेंबर
सगळं डिस्चार्ज. हरकत नाही, सूर्य आहे.

६ सप्टेंबर
सूर्य नाही. ढग. टीव्हीवर वादळाची बातमी. हात्सुए म्हणते, कंदिलांबरोबर चार्जिंगची वायर होती, खोक्यात. खोकी मी मंगळवारीच कचऱ्याच्या गाडीत दिली. स्वच्छता राखली की असं होतं. टॉर्चचे सेल आणायला गेलो. दुकानात एक नाही. लोक शेवटच्या क्षणी का जागे होतात कळत नाही.

७ सप्टेंबर
वीज गेली. खिडक्यांना शटर, आत मिट्ट काळोख. एक कंदील लुकलुकला आणि गेला.
सासूबाईंना बाथरूमला जायचं होतं. मी म्हटलं, माझ्या मागून या. दोघं अंथरुणं ठेवायच्या कपाटात पोचलो. त्यांच्या कोपराला दार लागलं.
‘जावईबापू,’ त्या म्हणाल्या, ‘मी डोळे मिटून जाऊन येते. तुम्ही फक्त वाटेत उभे राहू नका.’

८ सप्टेंबर
वारा पडताच सेइकिची व्हॅन घेऊन हजर. सासूबाई ‘नको, नको’ म्हणत होत्या. हात्सुए म्हणाली, ‘चल गं आई, इथे हे तुला पाडतील.’ माझ्याकडे न बघता म्हणाली.
मी गेलो नाही. यंत्रणेजवळ जबाबदार माणूस हवा. खबरदारी म्हणून मेन स्विच खाली ओढून ठेवला. वीज एकदम आली की वस्तू जळतात.

९ सप्टेंबर
कडक ऊन! कंदील चार्ज! रात्री घर लख्ख. टिनच्या डब्यातलं गार मांस खाल्लं, पण काय उजेडात खाल्लं! समोरच्या घरांतही दिवे दिसले. लोक माझं बघून शिकले.

१० सप्टेंबर
हात्सुएला फोन केला, घर लख्ख आहे, या. म्हणाली, ‘वीज आली का?’ म्हटलं, वीज हवी कशाला! म्हणाली, ‘इकडे काल आली. आई रोज विचारतेय, घरी कधी जायचं. तिकडे येऊ दे, मग येतो.’
सेइकिचीच्या भागाचा वशिला.

११ सप्टेंबर
वीज कचेरीला फोन करून झाडलं. पोरगी म्हणते, ‘करिमाता-सान, तुमच्या गल्लीत परवाच वीज सुरू झाली.’ म्हटलं, बाई, मी काळोखात उभा राहून बोलतोय. ‘मेन स्विच बघता का जरा?’ म्हटलं, मेन स्विच मी स्वतःच्या हाताने खाली केलाय, तो कसा बिघडेल?
पलीकडून नुसती खुसखुस ऐकू आली. लाइन खराब असावी.

१२ सप्टेंबर
दोघी आल्या. चपला काढता काढता हात्सुएने मेन स्विच वर केला. पंखा, टीव्ही, फ्रिज, सगळं एकदम सुरू. फ्रिजमधल्या मासळीचा वास मग सगळ्यांनाच आला.
संध्याकाळपर्यंत ती फ्रिज धूत होती. भांडी घासताना म्हणाली, ‘सेइकिचीशी बोललेय मी. पुढच्या वादळात तो तुम्हाला न्यायला येईल. आई आणि मी घरीच राहू.’
सासूबाईंनी कितीतरी दिवसांनी खुशीत मान डोलावली. मग मला हळूच म्हणाल्या, ‘आपली उशी न्या हो. त्याच्याकडच्या फार कडक आहेत.’