तारीख नसलेली बरणी

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज सुनेने किल्ली परत घेतली. हे कुणाला सांगण्यासारखं नाही आणि न सांगता राहवतही नाही, म्हणून वही काढली.

झालं ते असं. गेल्या गुरुवारी मुलाच्या घरी कुणी नव्हतं — दोघं कामावर, नात शाळेत. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. गेले आणि स्वयंपाकघरातलं साठवणीचं कपाट साफ केलं. चार तास! मुदत संपलेली अकरा पाकिटं निघाली. डाळीत किडे. मैद्याच्या पिशवीचं तोंड उघडं, ना चिमटा ना रबर. एक जुनी बरणी, तळाशी मूठभर वाळका पाला — तीही रिकामी केली. उरलं त्या प्रत्येकावर नाव आणि तारीख लिहून चिठ्ठ्या चिकटवल्या. एकोणतीस वर्षं रुग्णालयाचं स्वयंपाकघर चालवलं आहे मी. तारीख नसलेला डबा म्हणजे कचरा, असा तिथे कायदाच होता.

वाटलं होतं, निदान ‘बरं झालं’ एवढं तरी म्हणेल.

आज संध्याकाळी दोघं आली. ती बसलीसुद्धा नाही. “आई, किल्ली द्या.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता. मुलगा दाराच्या बिजागरीकडे बघत उभा, जशी काही जन्मात बिजागरी पाहिली नव्हती. मी किल्ली टेबलावर ठेवली. तिने ती पर्समध्ये टाकली. “रविवारी जेवायला येऊ नका. मी सांगेन तेव्हा या.”

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

एक कप, एक ताटली, एक चमचा. भांडी घासायला तीन मिनिटं.

८ फेब्रुवारी, रविवार

सवयीने सकाळी थर लावला. ओव्हनमध्ये भाजायच्या या पदार्थाला आमच्याकडे नुसतं ‘थर’ म्हणतात. खाली मॅकरोनी नाहीतर बटाटा, मध्ये सॉस आणि भाजी, वर चीज आणि पावाचा चुरा. घरात जे असेल त्यातून होतो, आदल्या दिवशी करून ठेवता येतो. दर रविवारी मी ट्रे घेऊन मुलाकडे जायचे.

ट्रे सहा जणांचा आहे. यापेक्षा लहान माझ्याकडे नाही, कधी लागलाच नाही. एक तुकडा खाल्ला. पाच झाकून ठेवले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

अजून थरच.

११ फेब्रुवारी, बुधवार

मुलाचा फोन. आठ दिवसांनी. सून ऑफिसच्या जिन्यावरून घसरली, घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर. सहा आठवडे पाय टेकायचा नाही.

“मी येऊ?”

“नको आई. बघतो आम्ही.”

“जेवणाचं काय?”

“बघतो.”

याचं ‘बघतो’ मला माहीत आहे. चहा करताना पातेलं जाळणारा मुलगा. सकाळी पाव, रात्री पाव, आणि पोर वाढीच्या वयातली. हा चालवतो ती बस पहाटे पाचला डेपोतून निघते, तो स्वयंपाक करणार कधी?

येऊ नका म्हणाली आहे. पाठवू नका म्हणालेली नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाजारात गेले नाही. घरात होतं त्यातूनच केलं. मॅकरोनी, डब्यातले टोमॅटो, मक्याचे दाणे, कांदे, दूध पावडर, चीजचा गोळा.

मॅकरोनी पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी उतरवायची. फ्रीझरमध्ये ती सॉस पीत बसते, नंतर भाजताना मऊ होते. आधीच मऊ केली तर शेवटी खळ! सॉस हवा त्याहून थोडा पातळ ठेवायचा, त्याच कारणाने. ट्रे पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावायचं नाही, नाहीतर आतल्या आत पाणी सुटतं. हे मी किती मदतनिसांना शिकवलं असेल! एकीनेही पहिल्या वेळेला ऐकलं नाही.

झाकणावर चिठ्ठी: ‘ट्रे १. मॅकरोनी-मका. १२ फेब्रु. मध्यम आचेवर ४० मिनिटे झाकून, १० मिनिटे उघडा. १२ मार्चपूर्वी संपवणे.’

आणखी काही लिहावं का, म्हणून पेन बराच वेळ हातात होतं. नाही लिहिलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मुलाला निरोप दिला, ट्रे घेऊन जा. आला, पण वर आला नाही. खाली घड्याळं दुरुस्त करणारे आहेत, त्यांच्या दुकानात ठेवायला सांगितलं. तीन जिने चढायला वेळ नाही म्हणे! लहानपणी याच जिन्यांवरून दिवसातून वीसदा खाली-वर करायचा.

ट्रे देताना घड्याळवाले म्हणाले, “बाई, पोरगा खाली, आई वर, मध्ये मी. एवढं तर माझ्या लग्नातही कुणी मला मध्ये घातलं नव्हतं.”

मी हसले नाही. वर येऊन हसले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ट्रे परत आला. घासून लख्ख, रिकामा. माझी चिठ्ठी काढून टाकलेली.

माझी आई म्हणायची, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये. काही नसेल तर दोन लिंबं, तीही नसतील तर चिमूटभर साखर. हे एका माणसाने मात्र कटाक्षाने पाळलं — विहीणबाईंनी, सुनेच्या आईने. त्या होत्या तोवर रविवारी जेवायला त्याही असायच्या. उरलेलं घरी न्यायच्या आणि माझा ट्रे परत पाठवायच्या. आत काहीतरी असायचंच, वर एक चिठ्ठीही. ‘छान झालं होतं. मीठ किंचित जास्त.’ पुढच्या वेळी मीठ कमी केलं, तर ‘छान झालं होतं. आज मीठ विसरलात का?’ सहा वर्षं!

दोन वर्षं झाली त्यांना जाऊन.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ट्रे २. बटाट्याच्या चकत्या, उकडलेले हरभरे, कांद्याचा सॉस. बटाटा कच्चा गोठवला तर काळा पडतो, म्हणून पाण्यातून एक उकळी काढून घेतला. दुकानात ठेवला. घड्याळवाल्यांनी विचारलं, “उत्तर काय आलं?”

“भांडं धुऊन आलं.”

“मग खाल्लं तर.”

कुणी खाल्लं, ते भांड्यावरून कळत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

नातीचा फोन. तिला आम्ही खार म्हणतो. मिळेल ते दप्तरात साठवते.

“आजी, मी बाबांच्या फोनवरून बोलतेय. बाबा अंघोळीला गेलेत. लवकर बोल.”

“तूच बोल. आई कशी आहे?”

“पाय खुर्चीवर ठेवून बसते आणि सगळ्यांना ऑर्डर सोडते. अगदी तुझ्यासारखी.”

“थर खाता का?”

“हो. बाबा वरून जाळतात, पण आतून छान असतो. आई पण खाते. खाते आणि काहीच बोलत नाही.” मग हळूच, “आजी, पण वरचा चुरा पूर्वीसारखा नाही लागत. दुसऱ्या आजीची बरणी होती ना, त्यातलं आई वर टाकायची. थोडंच टाकायची, संपू नये म्हणून. आता तर टाकायला नाहीच. तू साफ केलंस ना, त्या दिवशी बाबा खाली जाऊन कचऱ्याच्या पिशव्या उघडून बघत होते. पण कचऱ्याची गाडी दुपारीच येऊन गेली होती. आई बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती. मला वाटलं नळ बिघडला.”

मग “बाबा आले!” आणि फोन बंद.

दुपारचं जेवण केलं नाही. भूक नव्हती, एवढंच.

२३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही कुणी वाचणार नाही. मग इथे तरी खोटं कशाला?

बरणीवर तारीख नव्हती, हे खरं. पण चिठ्ठी होती. जुनी, पिवळी पडलेली. ‘चिमूटभरच घाल गं.’ पुढे मागे काही नाही. अक्षर डावीकडे झुकलेलं, ‘घ’ला मोठं पोट. मी ते पाहिलं. सहा वर्षं माझ्या ट्रेमधून परत येणारं अक्षर मला कळणार नाही?

हातात बरणी घेऊन मी उभी होते. मनात आलं, जाऊन दोन वर्षं झाली तरी हिचंच मीठ, हिचीच चिमूट. माझा ट्रे आणि वर हिची सही! मग आवाज शिक्षिकेसारखा करून स्वतःलाच म्हटलं, तारीख नाही, टाका. आणि टाकलं. पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

मूठभर वाळका पाला, असं मी तिसऱ्या तारखेला लिहिलं आहे. पाला नव्हता. लसूण होता, भरडलेला, आणि कसली तरी सुकवलेली पानं. उघडल्याबरोबर वास आला होता. चांगला होता. खराब झालेलं मला नाकाला कळतं, एकोणतीस वर्षं तेच केलं.

त्या दिवशी सून ओरडली नाही, कारण तिला वाटतं मी ओळखलं नाही. म्हातारीने नियमाप्रमाणे टाकलं, असं समजून ती एवढ्यावर थांबली आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बरणी माझ्याकडेच आहे.

चांगली काच मी फेकत नाही. सामान टाकलं, बरणी पिशवीत घालून घरी आणली, धुतली. आणि त्यांच्या चिठ्ठीवरच माझी चिठ्ठी चिकटवली — ‘मक्याचे दाणे, २९ जाने.’ ट्रे १ मधला मका त्याच बरणीतला! तो मी सुनेला पाठवला आणि तिने खाल्ला.

दाणे दुसऱ्या डब्यात काढले. माझी चिठ्ठी ओढून काढावी, तर खालची फाटेल. ठेवली तशीच. दोनदा जाऊन बघितली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

ट्रे २ परत आला नाही. मागचा बुधवारी आला होता.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

किटलीत पाणी उकळून बरणी वाफेवर धरली. माझी चिठ्ठी एका कडेने सुटायला लागली. लोणी लावायच्या बोथट सुरीने केसाएवढी केसाएवढी उचलत गेले. वीस मिनिटं. बोटाला चटका. खालची शाबूत आहे, फक्त डावा कोपरा माझ्या चिठ्ठीबरोबर आला. शाई थोडी पसरली आहे, पण वाचता येतं.

झाकणाच्या रबरात अजून वास आहे. मी धुतलेलं भांडं आणि त्यात वास! पहिल्यांदाच माझं काम नीट झालं नाही, याचं बरं वाटलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

लसूण वाळवून, पानं आणून तसंच काहीतरी भरून द्यावं, असं मनात आलं. येईलही जमवता. पण ती झाकण उघडेल आणि तिला कळेल. नक्कल भरून द्यायची नाही. रिकामीच द्यायची.

ट्रे ३ केला. तांदूळ, मसूर, डब्यातले टोमॅटो. वर चीज लावलं. चुरा नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ट्रे आणि बरणी घेऊन खाली उतरले. घड्याळवाल्यांनी हात पुढे केला. “आणा, ठेवतो.”

“नको. हे मीच नेणार आहे.”

त्यांनी डोळ्यावरची काच वर केली. “बोलावलं वाटतं?”

“नाही.”

“मग?”

“मग काही नाही. दार उघडलं नाही तर परत येईन. पाय आहेत माझे.”

“दाराबाहेर ठेवून पळून येऊ नका म्हणजे झालं,” ते म्हणाले आणि पुन्हा काटा बसवायला लागले. त्यांना कसं कळलं कोण जाणे. माझं तेच ठरलं होतं.

संध्याकाळ झाली होती. परत वर आले. उद्या.

आता एकच भीती आहे. आज तिला वाटतं, सासू आडमुठी आहे. उद्या कळेल, सासू दुष्टपणाने वागली. आडमुठ्या माणसाला कधीतरी परत बोलावतात.

१ मार्च, रविवार

बेल वाजवली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग सून कुबड्यांवर आली.

दिलं: ट्रे ३. बरणी एक, रिकामी, वर तिच्या आईची चिठ्ठी, डावा कोपरा नाही. आणि तोंडी: “तारखेचं निमित्त होतं. अक्षर ओळखलं होतं मी. ओळखूनच टाकलं.”

तिने झाकण उघडलं. वास घेतला. परत लावलं. मला ‘बसा’ म्हणाली नाही.

मिळालं: ट्रे २, धुतलेला. आत अर्धा शिळा पाव. “याचा चुरा करून आणा. लसूण, पानं किती घालायची ते मला येतं. आईनेच शिकवलंय.”

किल्ली मागितली नाही, तिने दिली नाही.

“पुढच्या रविवारी या. बेल दोनदा वाजवा, मला उठायला वेळ लागतो.”