केंद्र बंद आढळले

बाई, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी तुमच्या घरी आले नाही. ताप आहे असं निरोपात कळवलं होतं. ताप नव्हता. आज मात्र दुपारपासून तुम्ही मला काही सुचू देत नाही, म्हणून लिहायला बसले.

झालं असं, की आज तपासणीला गेले तर एका गावात अंगणवाडीला कुलूप होतं. माझ्यासोबतची नवी पर्यवेक्षिका लगेच वही काढून लिहायला लागली. मी तिच्या हातातून पेन ओढूनच घेतला. बिचारी घाबरली. म्हटलं, आधी शोधू. सेविका दोन घरं सोडून एका बाळंतिणीकडे सापडली, बाळाचं वजन घेत होती. पण दाराला कुलूप दिसलं की मला पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. ते कोण, हे मला ठाऊक आहे. इतकी वर्षं झाली, वळून पाहायचा धीर होत नाही.

मी बारावी होऊन घरी बसले होते ते दिवस आठवतात का तुम्हाला? गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून नुकताच वेगळा झाला होता. लग्नाशिवाय मुलीचं दुसरं काही होऊ शकतं हे आपल्या केशोरीत कुणाच्या डोक्यात नव्हतं. तुम्ही गावच्या अंगणवाडीच्या सेविका, माझ्या आईला म्हणालात, "इले एक दिवस माझ्यासंग गोंदियाले धाड. लहान लेकरांत रमते ते. कामं काय काय रायते, पाहू तं दे तिले." एसटीने अर्जुनी, तिथून रेल्वेगाडी. जिल्हा परिषदेत बालकल्याणाच्या टेबलावरचा बाबू मान वर न करता म्हणाला, "बाई, ऑफिस ही नया है, फॉर्म अभी भंडारा से आएंगे." तुम्ही समोरची खुर्ची ओढून बसलात. "फॉर्म कोन मांगून राह्यला? कामं सांगा. मदतनीस, सेविका, मंग वरतं काय?" शेवटी त्यानेच कागदावर सगळं लिहून दिलं, कोणती परीक्षा, कोणतं प्रशिक्षण. मग एका संस्थेची बालवाडी, तिथे त्यांनी मला दोन तास मुलांत बसवून घेतलं. मग एक कॉन्व्हेंट, तिथल्या मॅडमने मला इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि मी तुमच्याकडे पाहिलं. चालून चालून माझ्या तोंडाला फेस आला होता. मी म्हटलं, लहान पोरांना सांभाळायला एवढं कशाला शिकायचं? तुम्ही भर रस्त्यात थांबलात. "सांभाळाले गाय-बकरी रायते. कायले आलीस मंग?" स्टेशनपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. मला फार लागलं होतं ते, आणि त्या रागातच मी शिकले. खरं सांगते, रागातच.

दहा-अकरा वर्षांनी मी पर्यवेक्षिका झाले आणि नेमका आपलाच भाग मला मिळाला. तुम्ही गावभर सांगत फिरलात म्हणे. पहिल्याच पावसाळ्यात वरच्या मॅडम माझ्यासोबत तपासणीला आल्या. शेतातल्या बांध्यांमध्ये धानाची रोपं लावायचा रोवणा ऐन भरात होता. अकरा वाजले होते आणि तुमच्या अंगणवाडीला कुलूप. मॅडमने पाच मिनिटं वाट पाहिली. मी वहीत लिहिलं, केंद्र बंद आढळले. खाली सही केली.

नोटीस घेऊन मीच आले. तुम्ही परसात भांडी घासत होतात. हात पुसून कागद वाचलात, दोनदा वाचलात. आरडाओरडा करणार म्हणून मी मन घट्ट करून आले होते, तुम्ही केलाच नाही. "रोवण्यात बाया घरी नसते. लेकरं त्यायच्या संग बांधीवर असते. मंग मी इथं कोनाले शिकवू? दरसाल मी ताडपत्री अन् खिचडी शिजवाचा गंज घेऊन तिकडंच बसतो." मग माझ्याकडे पाहिलंत. "तुले नोहोतं का ठाऊक?"

मी म्हटलं, मॅडम होत्या ना सोबत.

खुलासा तुम्ही दिलात, चांगला दोन पानी. त्याच्यावर निर्णय व्हायच्या आत भादव्यात तुम्हाला ताप भरला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. वीस वर्षांहून जास्त काळ तुम्ही ते केंद्र चालवलंत, आणि फाइलीत शेवटचं पान माझ्या अक्षरातलं आहे. ते बदलता येत नाही. विचारून पाहिलं मी, मयत सेविकेचं प्रकरण पुन्हा उघडत नाहीत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. ठाऊक होतं. त्या दिवशी तिथे उभी असताना लेकरांचा आवाजही येत होता, शेताकडून, अगदी स्पष्ट. मॅडमने विचारलंसुद्धा, "या बाई कुठे असतील, काही कल्पना?" मी नाही म्हटलं.

नोकरीची भीती होती असं मी स्वतःला फार दिवस सांगितलं. तसं नव्हतं. आम्ही बांधीवर आलो असतो तर तुम्ही धावत आला असतात, आणि मॅडमच्या समोर चिखलाच्या हातांनी माझा चेहरा धरला असतात. मला त्याची लाज वाटली, बाई.