तुम्ही वळलेली तांब्याची नळी

बाबा, तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होत आली आणि मी अजून घरी बिअर करते. तेव्हा नुकती सुरुवात होती. हॅरोच्या त्या लहानशा किचनमध्ये शनिवारी मोठं पातेलं चढायचं, बार्लीचा गोड अर्क तासभर उकळायचा, आणि खरी पंचाईत त्यानंतर. वर्ट म्हणतात त्या अर्काला. तो उकळीवरून झटपट कोमट झाला पाहिजे, मगच त्यात यीस्ट घालता येतं. रेंगाळला तर हवेतले जंतू आधी जाऊन बसतात. मी पातेलं बाथटबमध्ये बर्फात ठेवायचे. दर दुसरी खेप आंबूस निघायची.

डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही बर्मिंगहॅमहून पंधरा दिवस माझ्याकडे आलात, तेव्हा मला धास्तीच होती. काका दारूपायी गेले, तेव्हापासून आपल्या घरात बाटली आलेली नव्हती. तुम्ही किचनच्या दारात उभे आहात, हिरवट चष्मा लावून. मी म्हणते, "बाबा, तुम्हाला हे आवडणार नाही." तुम्ही विचारता, "किती लिटर आहे?" मी म्हणते, पंचवीस. "आणि नळाचं पाणी किती गार येतं?" तीस वर्षं लॉरीचे रेडिएटर जोडलेला माणूस, दुसरं काय विचारणार. तुम्ही खुर्ची ओढून घेतलीत.

मी तुम्हाला कॉम्प्युटरवर दोन चिलर दाखवले. एक म्हणजे तांब्याच्या नळीचं वेटोळं; ते पातेल्यात बुडवायचं आणि आतून नळाचं पाणी सोडायचं. दुसरा प्लेट चिलर, जाड पुस्तकाएवढा चकचकीत ठोकळा. त्याच्या आत पातळ पत्रे, पत्र्यांच्या एका बाजूने वर्ट जातो, दुसऱ्या बाजूने पाणी. मला तो ठोकळा हवा होता. तुम्ही म्हणालात, "हा पटकन गार करेल, पण आत काय अडकलंय ते दिसणार नाही. जे दिसत नाही ते धुतलं असं म्हणू नये. वेटोळं उकळत्या भांड्यात दहा मिनिटं ठेवलं की झालं." मला राग आला. मी शाळेत असताना तुम्ही माझ्या वह्या तपासायचात, तो सूर होता त्यात.

महिन्याभराने माझ्या वाढदिवसाला तुम्ही लांबच्या बसने आलात, मांडीवर मोठी पिशवी घेऊन. आत वेटोळं. नळीत मीठ ठासून भरलं म्हणजे वळवताना ती चपटी होत नाही, नंतर पाण्याने मीठ निघून जातं, हे तुम्ही मला सांगत होतात आणि माझ्या ओट्यावर प्लेट चिलर आधीच येऊन बसला होता. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही पीत नाही. तुम्हाला यातलं काय कळतं?" तुम्ही चिलर हातात घेऊन उलटसुलट पाहिलात. "काम चांगलं आहे," म्हणालात. संध्याकाळी निघताना पिशवी परत घेऊन गेलात. मी अडवलं नाही.

त्या चिलरने माझ्या लागोपाठ तीन खेपा नासवल्या. आत गाळ साचला होता, तुम्ही म्हणालात तसाच. तुम्ही दर रविवारी फोनवर विचारायचात, "यंत्र कसं चाललंय?" मी म्हणायचे, "मस्त." त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात.

क्रिमेटोरियमच्या बाहेर एक उंच, गोरा माणूस माझ्याजवळ आला. तुमच्या रस्त्याच्या टोकाला त्याचा पब होता. तो म्हणाला, तुमचे वडील एकदा दुपारी आले, ऑरेंज ज्यूस मागितला आणि वही काढून विचारत बसले, उकळी किती वेळ देता, किती मिनिटांत गार करता. मला वाटलं, तो दुसऱ्या कोणाबद्दल तरी बोलतोय. पबच्या समोरून जाताना तुम्ही फूटपाथ बदलायचात, बाबा. पुढे तो म्हणाला, काही आठवड्यांनी ते पुन्हा आले, तांब्याचं वेटोळं घेऊन. म्हणाले, माझ्या मुलीकडे याहून चांगलं आहे, हे पडून राहायला नको. तो स्वतःही घरी बिअर करायचा. "फार उपयोगी पडतं," म्हणाला. मी त्याला थँक यू म्हणाले. ते परत मागावं असं मनात आलं, पण कोणत्या तोंडाने मागणार?

आता मी वेटोळंच वापरते, दुकानातून आणलेलं. वीस मिनिटांत वर्ट गार होतो, खेपा नासत नाहीत. तेवढा वेळ मला किचनमध्ये नुसतं उभं राहावं लागतं, आणि रिकामी खुर्ची समोर असते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. घरी लोक आले, बिअर ओतली, की कोणीतरी विचारतं, हे तुझ्या घरच्यांना चालायचं? मी सांगते, वडिलांचा सक्त विरोध होता, तरी मी केलं. तसं सांगितलं की मी धीट वाटते. परवाही तेच सांगितलं.