अनाहितचा शब्दकोश

टार्निट, शनिवार, २२ ऑगस्ट २०२०

आज झूमवर अनाहितच्या आर्मेनियन शब्दकोशाचं प्रकाशन झालं आणि मी जळले. लिहूनच टाकते.

वीस वर्षांपूर्वी इथल्या युनिव्हर्सिटीत आम्ही एकाच खोलीत बसायचो. ती आर्मेनियन शिकवायची, मी मालवणीवर पीएचडी करत होते. विद्यार्थी नाहीत म्हणून तिचा कोर्स बंद झाला. तरी ती स्वतःच्या गॅरेजमध्ये वर्ग घेत राहिली, म्हाताऱ्यांकडून शब्द टिपत राहिली. मी पीएचडी सोडून इंग्रजी शिकवायची पक्की नोकरी धरली. तेव्हा मला तिची कीव यायची. कीव!

आज नव्वदीच्या एका आजोबांनी कोशातला एक शब्द वाचला आणि रडायलाच लागले. म्हणाले, "आई गेल्यापासून हा शब्द ऐकला नव्हता." मी कॅमेरा बंद केला. माझ्या कामासाठी असं कोण रडणार?

नंतर तिचाच फोन. "मेधा, तुझी मालवणी शब्दांची कार्डं आहेत ना अजून? लॉकडाऊन आहे, वेळ आहे. आपण दोघी मिळून करू."

"घर बदलताना हरवली गं," मी म्हटलं.

"अरेरे!" तिला खरंच वाईट वाटलं. त्याचाही राग आला.

कार्डं पलंगाखालच्या खोक्यात आहेत. फोन ठेवल्यावर खोकं ओढलं. पहिल्याच कार्डावर आईने सांगितलेला एक शब्द. अर्थ नंतर विचारू म्हणून जागा कोरी सोडलेली. आईला जाऊन तीन वर्षं झाली.

अनाहितने तेव्हाच विचारलं असतं.