दुपारचं विणकाम

बोगद्याचा कॅम्प, अरुणाचल
ता. ३ नोव्हेंबर

ती. अक्कास नरहरचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. फोन लागत न्हाई म्हणून रागावू नको. इथं डोंगरच एवढे की रेंज त्यांना घाबरून खालीच राह्यते. हप्त्यातून एकदा रेशनचा ट्रक येतो, तोच पत्रं नेतो अन् आणतो. तू मारून-मारून बाराखडी शिकवली, तिचा आज पहिल्यांदा उपयोग होऊन राह्यला, तवा चुका काढत बसू नको.

काम रातपाळीचं हाय, बोगद्यातला मलबा काढायचा. दिवसा झोपायचं. बाकीचे गडी उठल्यावर पत्ते कुटतात, मला एका जागी बसवत न्हाई हे तुला माहीतच हाय. फाट्यावरचं गॅरेज सोडलं, जालन्याचं सळयांचं काम सोडलं, शेजारची तुळजाबाई म्हणायची की या पोराच्या तळपायाला चाकं हायेत. बसलो ते फक्त मागापाशी. मोडक्या बाजेची चौकट अन् मोबाईलवर बघून केलेला माग, पण त्याच्यापुढं बसलो की भूक आठवायची न्हाई. धागा तुटला की मात्र वीण ठोकायची फणी भिंतीवर फेकायचो, अन् जरा वेळानं मीच जाऊन उचलून आणायचो.

तर एक काम कर. चौकटीवर पांढरे उभे धागे ताणून आल्तो, खालून वीतभर विणून झालंय. तू अंगणवाडीतून आली की एखादी ओळ घालत जा. आडवा धागा ओढू नको, काठ आत येतो. माझा तर उजवा काठ कायम आतच येतो. अन् विणून संपलं तरी कापू नको, मी आल्यावर कापतो.

ट्रक चुकला तरी लोभ चुकू देऊ नको.
तुझा नरहर


वाटूर
ता. १५ नोव्हेंबर

चि. नरहरास शिवकन्येचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे, पण कोंबडी सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

तुझ्या मागापाशी बसले बाबा एकदा. दोन ओळी घालता घालता डाळ करपली. एक धागा वर, एक खाली, हे डोक्याला कळतं, बोटांना कळत नाही. तिसऱ्या ओळीला धागा तुटला तेव्हा तुझ्यासारख्याच शिव्या तोंडातून निघाल्या. तुळजाबाई ओट्यावरून हसली आणि म्हणाली, भावाचा रोग बहिणीला लागला. मी त्या दोन्ही ओळी उसवल्या आणि हात जोडले.

आता जे लिहिते ती मस्करी समजू नकोस. मी हात लावत नाही, तरी कापड वाढतंय. सकाळी कुलूप लावून जाते, दुपार कलल्यावर येते, तोवर चार बोटं नवीन वीण झालेली असते. आधी वाटलं तुळजाबाईचे उद्योग, दुसरी किल्ली तिच्याकडेच असते. ती किल्ली मागून घेतली, म्हातारी रुसली, कापड वाढायचं थांबलं नाही.

आणि हात तुझाच आहे रे. उजवा काठ आत ओढलेला. तू वैतागलास की फणी दोनदोनदा आपटतोस आणि तिथं वीण दाट होते, तशी एक दाट पट्टी मंगळवारी दिसली. मंगळवारी तू कशावर चिडला होतास? अंगात ताप नाही ना? आजारी असशील तर लपवू नकोस. आईबाप गेल्यावर मला तू एकटाच आहेस.

वेळेवर जेव, आणि अक्काला विसरायला वेळ मिळणार नाही इतकी पत्रं लिही.
तुझी अक्का


कॅम्प
ता. २७ नोव्हेंबर

ती. अक्कास नरहरचा सा. न. वि. वि.

मंगळवारी मुकादमासंगं भांडण झाल्तं, तसाच चिडून झोपलो. तुझं पत्र दोनदा वाचलं.

माझ्या खोलीत झारखंडचा सोमरा म्हणून गडी हाय. तो पहिल्याच हप्त्यात म्हणला की तू झोपेत हात हलवतो, डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, मधीच मूठ आपटतो. मी म्हणलं, फावडं मारत असंल. पण उठल्यावर नखात पांढरा कापूस असतो. इथं कापूस कुठला अक्का? इथं समदा दगड.

खरं सांगू का, मला भ्या वाटण्याआधी आनंद झाला. एवढ्या लांब येऊन रोज दुपारी घरी जाऊन राह्यलो, बिगर तिकिटाचा. उठल्यावर बोटं दुखतात, पण गोड दुखतात.

आता एक सांगायचं राह्यलं. धागे ताणत होतो तवा शेवटचा धागा वरच्या दांडीपासून हातभर कमी पडला. गठ्ठा संपल्ता अन् फाट्यावर गाडी हॉर्न मारून राह्यल्ती. मंग जल्दीत कमरेचा करदोडा सोडला अन् तोच त्या धाग्याला जोडून दांडीला बांधला. वर बघ, एकच काळा धागा दिसंल. कमरेला तवापासून काहीच न्हाई. इथं मिळत बी न्हाई, अन् ध्यानात बी राह्यलं न्हाई.

रागावू नको, रागावलीस तरी पत्र टाक.
तुझा नरहर


वाटूर
ता. ९ डिसेंबर

चि. नरहरास आशीर्वाद, गाढव असलास तरी.

करदोडा सोडून मागाला बांधतात का रे? मी तुळजाबाईला सांगितलं तर ती रुसवा विसरून धावत आली. चौकटीसमोर उभी राहिली, काळ्या धाग्याला हात लावला नाही. म्हणाली, पुरुषाचा करदोडा तोडतात तो तिरडीवर ठेवल्यावर. जित्या माणसाला आधी नवा बांधायचा, मग जुना काढायचा. तू जुना काढून मोकळाच निघून गेलास, आणि तुझा जीव दांडीला लटकत ठेवलास.

कापड आता वरपर्यंत आलंय. जसजसं वर चढतं तसतसा धाग्यांना पीळ बसतो. सगळ्यात जास्त ताण त्या काळ्या धाग्यावर आहे, हात जवळ नेला तर तारेसारखा वाजतो. पांढरी वीण दांडीला भिडली की तो आपोआप तुटेल. मी दोन दिवस बसून वीण उसवली, तर तिसऱ्या दिवशी तू दुप्पट विणून ठेवलीस. सुट्टी टाकून दुपारी समोर बसून राहिले, तर काहीच हललं नाही. पाणी प्यायला मागं वळले आणि परत पाहिलं तर एक ओळ जास्त होती.

पाकिटात नवा करदोडा आहे. तुळजाबाईनं देवापुढं ठेवून दिलाय. बांध, गाठ पक्की मार आणि लगेच लिही. तुझं पत्र हातात पडल्याशिवाय मी कात्री लावणार नाही. तोवर माझ्या राजा, दिवसा कमी झोप.

जीव सांभाळ, तो तुझ्या एकट्याचा नाही.
तुझी अक्का


कॅम्प
ता. २० डिसेंबर

ती. अक्कास सा. न. वि. वि.

बांधला. सोमराकडून गाठ ओढून बघितली, बराबर हाय. चहा पिऊन-पिऊन जागा राह्यलो, डोळे टोमॅटो झालेत. आता बिनधास्त काप. तुळजाबाईच्या पाया पड माझ्या वतीनं.

मायेत ढील नको.
नरहर


वाटूर
ता. २ जानेवारी

चि. नरहरास शिवकन्येचे अनेक आशीर्वाद.

तीन दिवसांपूर्वी कापलं. अंगठा मावेल एवढीच जागा उरली होती. तुळजाबाईनं माझं मनगट धरलं होतं, नाहीतर कात्री चालली नसती. काळा धागा तुटला तेव्हा चौकट नुसती करकरली, एवढंच. आम्ही दोघी रडलो आणि मग उगीचच हसलो. मग मी तुझं कापड अंगावर घेऊन पाहिलं. एका बाजूनं रुंद, एका बाजूनं अरुंद, पण ऊब अशी आहे की काय सांगू.

चौकट भिंतीला टेकवून ठेवली आहे, रिकामी. इतके दिवस दुपारचा डोळा मिटला नव्हता. आता अंगणवाडीतून आले की आडवी होते आणि गाढ झोपते. उंदरांनी मात्र डोकं वर काढलंय. आज उठले तर गोधडीचा एक पट्टा टाके उसवून मोकळा पडलेला. औषध आणायला सांगितलंय.

तूही आता शांत झोप. सुट्टी मिळाली की ये, तुझ्या हातचं पांघरूण तुलाच देईन.
अक्काचा लोभ आहेच, मागावा लागणार नाही.
शिवकन्या


कॅम्प
ता. १४ जानेवारी

ती. अक्कास नरहरचा सा. न. वि. वि.

उंदीर न्हाईत अक्का. औषध टाकू नको.

तू कापलं म्हणून मला वाटलं, सुटलो. करदोडा कमरेला हाय, जीव बराबर जागेवर हाय, खोकला सुद्धा न्हाई. पण हातांना कोण सांगणार? त्यांना सवय लागली. दुपारी झोप लागली की ते घरी येतात, चौकट चाचपून बघतात, तर दांडीवर धागा न्हाई. मंग जे सापडंल ते घेतात. गोधडी मीच उसवली. दोरे काढून त्याच कापडात एक वर, एक खाली घालीत बसल्तो. आधी उठल्यावर काही आठवायचं न्हाई, आता समदं आठवून राह्यलं.

आज उठलो तर बोटात कापूस न्हाई, केस होता. लांब, काळा, शिकेकाईच्या वासाचा.

तू आज डोक्यावरून न्हाल्ती. भिंतीकडं तोंड करून निजली, ओले केस बाजेवर पसरून. मी ते बाजेच्या सुतळीत विणून राह्यल्तो. एक वर, एक खाली. लय सुंदर वीण बसत होती अक्का, खोटं कशाला बोलू, असा धागा मला कधी मिळाला न्हाई. थांब म्हणून मी हातांना सांगत होतो अन् हात फणीसारखी बोटं करून ठोकून घेत होते. मानेपाशी आल्तो तवा पाळीचा भोंगा झाला न सोमरानं हलवून उठवलं. तू कशी सुटली असशील, किती भ्याली असशील, मला कळायला मार्ग न्हाई.

चौकटीवर धागे लाव. सुतळी, पोत्याचे दोरे, काही बी ताणून ठेव, पण दांडी मोकळी ठेवू नको. अन् दुपारी निजू नको. तुळजाबाईकडं जाऊन बस.

ट्रक उद्या निघतो. हे पत्र तुझ्या हातात पडायला आठ-दहा दिवस लागतात. तवर रोज दुपार होणार. मी बर्फाच्या पाण्यात पाय घालून बसून राह्यलो, सोमराला म्हणलं मला हाणत राह्य, पण रातपाळीचं अंग हाय, कधी डोळा लागतो कळत न्हाई. आत्ता सुद्धा लिहिता-लिहिता दोनदा मान पडली.

माझ्यावरची माया कमी करू नको.
तुझा नरहर