छोट्या मापाची सायकल

प्रिय आमोद,

'प्रिय' लिहिताना हात जरा अडखळला. पण 'श्री. आमोद यांस' असं लिहिलं असतं तर सोसायटीची नोटीस वाटली असती, म्हणून राहू दे. फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही, हे परवा पुन्हा कळलं. तू इतकं छान बोलतोस की फोन ठेवल्यावर मला माझंच म्हणणं आठवत नाही. उद्या सकाळी तुझ्या वर्कशॉपमधला श्याम सायकल न्यायला येणार आहे, त्याच्याच हाती हे पत्र देते. रविवारी तुझी स्पृहा या सायकलवर साताऱ्याच्या शर्यतीत उतरणार आहे. त्याआधी हे शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून चहा करायला जाऊ नकोस.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणशील, कल्याणीला सायकल चालवून बघायला दिली की नावं ठेवायला. सायकल देखणी आहे. आई दोन दिवस तिच्याभोवती फेऱ्या घालत होती. कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, साधी घंटी नाही, मग पैसे कशाचे घेतात, हा तिचा प्रश्न. मी सांगितलं, हवा कापायचे. नंतर तिने हँडलवर पंचा वाळत घातला, तेव्हा सायकल घरात रुळली असं मी धरलं.

पहिल्या सकाळी मी बोपदेव घाटात गेले. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, दिवसभर शाळेच्या मैदानावर पोरांवर ओरडून घसा बसलेली. पण पाय दाबला आणि सायकल नुसती पुढे गेली, मध्ये कुठे काही वाया जात नाही असं वाटलं. लोकांच्या परदेशी सायकली मी हौसेने मागून चालवल्या आहेत, त्यांच्या पंगतीला तुझी ही स्वस्तातली कार्बनची सायकल मान वर करून बसेल. सपाटीवर तर वारा आपल्याला ओलांडून निघून गेल्यासारखा वाटतो. आणि ती माझ्या मापाची होती. हात ताणावे लागले नाहीत, सीटच्या टोकावर सरकावं लागलं नाही. घाटमाथ्यावर पोचले तेव्हा मला रडू येत होतं. आनंदाने, आणि थोडं रागानेही, की ही आपल्या वेळी का नव्हती.

तुला आठवतं ना, आपल्या वेळी काय होतं. खडकीच्या क्वार्टरमधून मी बाबांच्या फॅक्टरीतल्या कोणाची तरी सायकल मागून सरावाला यायचे, आणि शर्यत असली की तू तुझी द्यायचास. तुझी सायकल मला एवढी मोठी की उतरताना पाय टेकायचा नाही, मी दगड शोधून थांबायचे. एकदा सिंहगडाच्या पायथ्याशी मी अशीच दगड शोधत राहिले आणि मागच्या तिघी पुढे निघून गेल्या. तेव्हा तू म्हणाला होतास, एक दिवस तुझ्या मापाची सायकल करीन. मला वाटलं, मुलं म्हणतात तसं म्हणतोय. मागच्या महिन्यात पेपरात तुझी मुलाखत वाचली. ज्यांच्या मापाची सायकल कोणी करत नाही आणि केली तर परवडत नाही, त्या मुलींसाठी ही आहे, असं तू म्हटलं होतंस. माझं नाव नव्हतं. नसू दे. मी ते कात्रण आईला वाचून दाखवलं.

आपलं जे झालं नाही त्याबद्दल मी कधी लिहिलं नाही आणि आजही लिहिणार नव्हते. तुझी आई म्हणाली होती, मुलगी गुणी आहे, पण. त्या 'पण'च्या पुढचं वाक्य त्यांनी कधी पूर्ण केलं नाही, सुसंस्कृत घर तुमचं. माझे बाबा तुमच्या घरी येऊन चहा पिऊन गेले आणि वाटेत एवढंच म्हणाले की सायकल चालव, त्या घराच्या पायऱ्या चढू नकोस. तुझं हेमाशी लग्न झालं आणि खरं सांगते, हेमा मला आवडते. तिनेच स्पृहाला माझ्याकडे सरावाला पाठवलं. स्पृहा मला आत्या म्हणते. हे नातं कोणी ठरवलं कोणास ठाऊक, पण सगळ्यांची सोय झाली. तीन वर्षं दर शनिवारी ती माझ्या पुढे सायकल चालवते आहे. ती कुठे धाप टाकते, कुठे विनाकारण ब्रेक दाबते, हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि ती माझ्याहूनही हलकी आहे.

आता घाट उतरतानाचं सांगते. माथ्यावरून सासवडच्या बाजूला निघालं की एका ठिकाणी डोंगर संपतो आणि वारा एकदम आडवा येतो. तिथे मी बऱ्यापैकी वेगात होते. आधी हँडल हलकं झालं, हातात काही नसल्यासारखं. मग कोणीतरी बाजूने ओढावं तसं पुढचं चाक वळलं आणि मी रस्त्याच्या उजव्या बाजूला गेले. समोरून दुधाचा टेम्पो येत होता. त्याने हॉर्न वाजवला, शिवीही दिली असणार, मी ऐकली नाही. कशीबशी सायकल सावरून कडेला आले आणि कठड्यावर बसून राहिले.

पहिला संशय मी माझ्यावरच घेतला. खंबाटकीच्या वळणावर वाळूवरून घसरले, खुब्यात स्टीलची पट्टी बसली आणि शर्यती संपल्या, हे तुला सांगायला नको. तू दवाखान्यात रोज संत्री घेऊन यायचास. तेव्हापासून उतार दिसला की माझी बोटं आपोआप ब्रेकवर जातात. म्हणून मी म्हटलं, ही सायकल नाही, ही तू आहेस, कल्याणी. दुसऱ्या दिवशी माझ्या भावाला, संजयला, घेऊन त्याच्या टेम्पोत माझी जुनी सायकलही टाकली. वारा तसाच होता. त्याच जागेवरून, जमेल तितक्या त्याच वेगाने आधी जुनी उतरवली. वाऱ्याने ढकललं, पण सरळ गेली. मग तुझी. पुन्हा तेच, हँडल हलकं आणि मग तो हिसका. वारा जास्त अडवणारी उंच रिमांची चाकं काढून जुन्या सायकलची बसवली, तर ओढ कमी झाली, गेली नाही. संजय खालून बघत होता. तो म्हणाला, ताई, आता बास. भीती माझी असती तर ती जुन्या सायकलवरही माझ्याबरोबर बसली असती.

मग मी श्यामला फोन केला. बिचाऱ्याने सहज सांगून टाकलं की पुढचं चाक ज्या दोन पायांत बसतं तो फोर्क सगळ्या मापांना एकच आहे, कारण साचा एकच केला. फ्रेम लहान केली, हँडल बसतं ती पुढची नळी मागे कलली, आणि फोर्क मात्र उंच माणसाचाच राहिला. मोठ्या सायकलवर तो बरोबर बसतो. छोटीवर वारा चाकाला लागला की हँडलच फिरवतो, आणि धरायला वर माणूसही हलकं. तुझे टेस्ट रायडर सगळे दारातून वाकून आत येणारे. त्यांनी मोठ्या मापाची चालवली, वाहवा केली, आणि छोट्या मापाची कोणी चालवलीच नाही. जिच्यासाठी एवढा खटाटोप केलास, काटकसर नेमकी तिच्याच सायकलवर केलीस. याचं मला फार वाईट वाटलं, आमोद. टेम्पो समोर आला त्यापेक्षाही जास्त.

हे सगळं परवा मी तुला फोनवर सांगितलं. तू ऐकलंस, मध्ये दोनदा 'हो, हो' म्हणालास, आणि मग म्हणालास, खंबाटकीची भीती माझ्या सायकलच्या माथी मारू नकोस. मी दोन्ही सायकली उतरवल्याचं सांगितलं, तर म्हणालास, रविवार होऊ दे, मग बघू. फोटोवाले येणार आहेत, दुकानदार येणार आहेत, तुझीच मुलगी तुझ्या सायकलवर घाट उतरणार आहे, हे सगळं मला कळतं. मग तू आवाज मऊ करून 'बरी आहेस ना' असं विचारलंस. त्या मऊ आवाजाचा अर्थही मला कळला. तुला वाटलं, जुनं काहीतरी वर येतंय. ते तसं असतं तर मी तोंड मिटून बसले असते. तुझी फजिती व्हायला तेवढं पुरलं असतं.

मी काल स्पृहालाही सांगून पाहिलं. ती हसली आणि म्हणाली, अगं आत्या, बाबांनी बनवलीये, चिल. शर्यत जिथून जाते त्या यवतेश्वरच्या उतारावर वारा कसा असतो हे तू जाणतोस, आपण दोघांनी तिथे टोप्या घालवल्या आहेत. तिथे पन्नास जणींचा घोळका असेल, एकीचं हँडल फिरलं की मागच्या सगळ्या तिच्या अंगावर. ती ब्रेक दाबणार नाही. फोटोवाले बघत असतील, बाप बघत असेल, ती अजिबात दाबणार नाही. मला दोन रात्री झोप नाही. वर्गात आज हजेरी घेताना मी एकाच मुलीचं नाव तीनदा घेतलं.

तर हे पत्र का लिहिलं ते सांगते. आज शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करवत आणली, तोंडाला ओढणी बांधली आणि तुझी सायकल कापली. आधी फोर्क कापणार होते. मग लक्षात आलं, तो तू मोठ्या सायकलचा काढून बसवशील, सगळ्यांना एकच ना. छोट्या मापाची फ्रेम मात्र आजवर ही एकच निघाली आहे, म्हणून फ्रेम कापली, वरची आणि खालची नळी, दोन्ही मधोमध. कार्बन आरामात कापला जातो, मी मात्र थांबत थांबत कापला. आयुष्यात माझ्या मापाची सायकल एकदाच मिळाली होती. आई दारात उभी होती, काम झाल्यावर तिने केर काढला. उद्या श्याम चाकं, फोर्क आणि दोन तुकडे घेऊन येईल, त्याला रागावू नकोस, त्याला काही माहीत नाही. स्पृहा रविवारी तिच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या सायकलवर उतरेल, बहुतेक हरेल, आणि माझ्याशी बोलणं सोडेल. तूही सोडशील. सोड. छोटीसाठी वेगळा फोर्क करशील तेव्हा बोलाव, पहिल्यांदा मीच घाटातून उतरवीन, बोटं ब्रेकवर गेली तरी. रविवारी मी साताऱ्याला येणार आहे. तुझ्याजवळ येणार नाही, उतार संपतो तिथे उभी राहीन. स्पृहा खाली आलेली दिसली की मी निघेन.

तुझीच,
कल्याणी