योनाच्या माशाची वाटणी

…पण रतनताई, मृत्युपत्र म्हाताऱ्यांनीच करायचं असं कुठे लिहिलंय, ते काल तुम्ही सांगितलंच नाहीत. नुसत्या हसलात. म्हणून आता तुम्हा मास्तरीणबाईंनाच माझ्या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते आणि सगळं कागदावर घेते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की दीना नेहमीसारखी अर्धं बोलून गेली.

तर मी, दीना सामाजी नागावकर, वय तेवीस, धंदा मुलांना गोष्टी सांगणे, राहणार रेवदंडा, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट नाही. डॉक्टर म्हणतात, पोटात अपेंडिक्स नावाचं एक शेपूट असतं, त्याचा कोणाला काही उपयोग नाही, आणि माझं सुजलंय. परवा आगबोटीने मुंबईला जायचं आणि ते कापून टाकायचं. बहुतेक माणसं ऑपरेशन करून घरी येतात. काही येत नाहीत. हे लिहायला मला कोणी बसवलेलं नाही, कोणी धाक घातलेला नाही. आई आत माझी दृष्ट काढायला मीठमिरच्या शोधतेय, तिला यातलं काही ठाऊक नाही.

माझ्या मागे भांडण व्हावं अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे माझा रविवारचा वर्ग. बाबा गेल्यावर बंद पडलेल्या आमच्या तेलाच्या घाण्याच्या शेडीत मी मुलांना बायबलातल्या गोष्टी कागदाच्या करून शिकवते, हे तुम्ही पाहिलंयत. वर्ग काढला आमच्या बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, मुलांसाठी. पण शेडीला दार नाही आणि कोळीवाडा पलीकडेच, त्यामुळे आता निम्मी मुलं कोळ्यांची. येत्या रविवारी आमची पंचायत बसणार आणि हा वर्ग ठेवायचा की मोडायचा ते ठरवणार. मी तेव्हा इस्पितळात असेन. म्हणून हा खटाटोप.

कलम पहिलं. कानातले, बांगड्या, पोस्टाचं पुस्तक, सगळं आईला. हिरवं लुगडं तिने नेसावं, पेटीत ठेवून त्याच्यावर रडू नये.

कलम दुसरं. मुंबईच्या शाळेत मला बक्षीस मिळालेलं चित्रांचं जाड पुस्तक, रतनताई, तुम्हाला. सगळी सुरुवात त्याच्यापासूनच झाली. विलायती चितारी बायबल रंगवतात ते स्वतःच्या गावासारखं. त्यात रूथ शेतात पडलेली कणसं वेचतेय, अंगात मखमल. कोळ्यांच्या ठमीने ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाय, हिला उकडत न्हाय?"

तेव्हापासून आम्ही चित्र बघायचं, पुस्तक मिटायचं आणि आपल्या गावाचं कापायचं असं ठरवलं. आमची रूथ काष्टा मारून भात वेचते. तांबडा समुद्र दुभंगतो तो निळ्या पतंगी कागदाचा, दोन्हीकडे घडी उलगडते आणि मधून लोक चालत जातात. मला वाटलं मुलं थक्क होतील. मुलं म्हणाली, "म्हणजे ओहोटी होती. अलिबागच्या किल्ल्यात आपण जातो तसं." मी पुष्कळ सांगितलं की हा चमत्कार होता. ती म्हणाली, असेल, पण ओहोटीचाच.

कलम तिसरं. शाळेतल्या माझ्या ड्रॉइंगच्या बाईंना मी कापलेली एक मेंढी पोस्टाने पाठवावी. त्या म्हणाल्या होत्या की माझ्या मेंढ्या उशांसारख्या दिसतात. ही दिसत नाही. सोबत चिठ्ठी नको, त्यांना कळेल.

कलम चौथं. पतंगी कागद, पुठ्ठे, खळीचं भांडं आणि ब्रश मुलांना सामायिक. सोनेरी कागद मात्र एकट्या ठमीच्या हातात देऊ नये. तिने एकदा सगळा आपल्या कोंबडीला लावला होता आणि ती कोंबडी शलमोन राजाची आहे असं सांगत वाडाभर फिरली.

कलम पाचवं. योनाचा मासा. हे जरा लांब आहे.

योना म्हणजे देवाने सांगितलेलं काम टाळून जहाजात बसून पळालेला माणूस. वादळ आलं, खलाशांनी त्याला समुद्रात टाकलं, मोठ्या माशाने गिळलं, तीन दिवसांनी किनाऱ्यावर ओकलं. गोष्ट एवढीच. पण मासा कोणता, यातच आमचा एक रविवार गेला.

"मुशी आसंल," ठमी म्हणाली. "मुशी मानूस खाती."

"मुशी नाही चालत." हा दानी, हसाजी काकांचा नातू. "तिला खवले नसतात. बिनखवल्याचा मासा आपण खात नाही."

"आरं, मासा खातोय योनाला. योना कुटं मासा खातोय?"

"तरी पण. नबी आहे तो. असल्या माशात तीन दिवस राहील कसा?"

तेव्हा आम्ही माशाला खवले लावले. गणपतीची मखरं करणाऱ्या तुळशीरामने कामट्यांचा सांगाडा बांधून दिला, शेडीच्या लांबीचा. प्रत्येक मुलाने आपले खवले कापले, आपणच चिकटवले, आणि अजून ज्याला त्याला आपला खवला ओळखता येतो. तोंडातून आत शिरायचं, पोटात बसायचं आणि योनाची प्रार्थना करायची. दुपारी ऊन आलं की आतल्या मुलाचं तोंड निळं, हिरवं, तांबडं होतं, पुस्तकातल्या रंगीत काचेच्या खिडकीसारखं. ठमीची प्रार्थना अशी होती: "देवा, मना भायेर काड, हितं लय वास मारतोय." वास खळीचा होता. पण मला वाटतं, योनासुद्धा पहिल्यांदा हेच म्हणाला असणार.

मग नारळी पौर्णिमा आली. ठमीची आजी येसूबाई मासा बघायला आली आणि गालाला हात लावून उभी राहिली. "येवरा मोटा मासा घरात आलाय, आन् कोनी कुकू बी लावलं न्हाय?" मी काही बोलायच्या आत तिने माशाला कुंकू लावलं, पुढ्यात नारळ फोडला आणि सगळ्या मुलांना खोबरं वाटलं.

नेमके तेव्हाच हसाजी काका आले. तुम्ही त्यांना लांबून पाहिलंयत. बाबांचे चुलतभाऊ, अलिबागच्या कोर्टात जन्मभर कारकून, आता आमच्या समाजाचे मुकादम. मूर्ती करू नये ही आज्ञा ते डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. त्यांनी मागे एकदा हटकलं म्हणून माझ्या गोष्टींतली माणसं आधीच नाहीशी झालीत. एदेन बागेत मी केळीची पानंच एवढी मोठी लावते की आदम आणि हव्वा त्यांच्यामागे आहेत असं समजायचं. बाळ मोशेच्या टोपलीला झाकण आहे. पण मासा माणूस नव्हे, असं मी धरून चालले होते.

काकांनी कुंकवाकडे पाहिलं.

"दिने, मुंबईला शिकलीस ते बरं झालं. येताना दहा आज्ञा तिकडेच राहिल्या काय?"

"काका, आमच्यातल्या कोणी हात जोडले नाहीत."

"आकाशातलं, जमिनीवरचं आणि पाण्यातलं, कशाचीच प्रतिमा करायची नाही. मासा कुठे राहतो? झाडावर?"

मी कुंकवाच्या आड सरकले, तर काकांना करवंटी दिसली.

"नारळ कोणी फोडला?"

"मी," येसूबाई म्हणाली. "ग्वाड हाय. तुमाला देऊ का तुकरा, मुकादम?"

"आणि खाल्ला कोणी?"

दानीने तोंड घट्ट मिटलं होतं, पण गाल फुगलेला होता.

काका लाल झाले. हे पंचायतीपुढे जाईल असं बजावून निघाले. मधे सणवार आले, पंचायत लांबली, ती आता येत्या रविवारी आहे.

तर माझी इच्छा अशी. मासा सगळ्या मुलांचा मिळून एक. तो कापून वाटायचा नाही. कुंकवाच्या जागी मी निळा कागद चिकटवलाय. तरीही पंचायतीने मासा नकोच म्हटलं तर जाळू नये. मुलांना बोलवावं आणि ज्याने त्याने आपले खवले आपल्या हाताने काढून घरी न्यावेत.

कलम सहावं. त्या दिवशी काका निघाले, ते बाहेर पोचले नाहीत. वळून म्हणाले, "आणि योना जहाजात वर बसलेला नव्हता. खाली तळाशी झोपला होता. वर शिडं फाटतायत, खलाशी आपापल्या देवांना हाका मारतायत, आणि हा घोरतोय." मग ते घाण्याच्या कडेला टेकले. तरुणपणी ते आमच्या मंडळींत कीर्तनं करायचे, हे मी नुसतं ऐकून होते. माझ्या गोष्टीत वादळ आलं की मुलं विचारतात, मग? काकांच्या गोष्टीत वादळ आलं तेव्हा ठमीने खांब धरला. दानीने खोबरं एकदाचं गिळलं. योना पाण्यात पडला आणि काका थांबले.

"मंग फुरं?" येसूबाईने विचारलं.

"पुढे पंचायत," असं म्हणून ते उठून गेले.

म्हणून माझी कातरी आणि माझा रविवारचा वर्ग मी श्री. हसाजी एलोजी नागावकर यांना देते. त्यांनी माणसं कापू नयेत. मासेही नकोत तर नकोत, लाटा कापाव्यात. लाटेलाही नारळ मिळतोच, पण ते त्यांनी येसूबाईशी बोलून घ्यावं. रतनताई, तुम्हाला तुमची अलिबागची शाळा आहे, आणि दुसरं कोणी मला दिसत नाही. काका नाही म्हणाले तर मुलं रविवारी येतील, थोडा वेळ शेडीत बसतील आणि घरी जातील.

कलम सातवं. बरी होऊन आले तर वरचं सगळं रद्द, आणि एलियाहू हन्नाबी, आमचा नवसाला पावणारा नबी, त्याच्या नावाने मलिदा. पोहे, गूळ, खोबरं. खोबऱ्याबद्दल आधी काकांना विचारलं जाईल.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि मला पटलं.

सही: दीना सामाजी नागावकर
मुक्काम रेवदंडा, सोमवार, तारीख १५ ऑक्टोबर १९३४

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. तुळशीराम, मखरवाला
२. हसाजी एलोजी नागावकर, निवृत्त कारकून

ता. क. रतनताई, दुसरं नाव बघून चमकलात ना? तिथे डॉक्टर सही करणार होते. पण आईने काकांना माझ्यासाठी प्रवासाची प्रार्थना म्हणायला बोलावलं होतं. मी सही करतेय, तुळशीराम टाक मिळायची वाट बघत बसलेला, आणि काका दारात. त्यांनी कागद मागून घेतला आणि उभ्यानेच पहिल्यापासून वाचला. सहावं कलम दोनदा वाचलं. तुळशीरामची सही झाली तसा त्याच्या हातातला टाक घेतला आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

मी म्हटलं, "काका, तुम्ही तर घेणारे. तुम्ही साक्षीदार कसे?"

"घेणाऱ्याने साक्ष घातली की त्याला मिळायचं ते बुडतं. बाकी मृत्युपत्राला काही होत नाही. जन्मभर कोर्टात तेच पाहिलं. तुझं सहावं कलम गेलं."

मला एकदम रडू आलं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. टेबलावरची कातरी उचलली, धार अंगठ्यावर लावून पाहिली आणि कोटाच्या खिशात टाकली.

"मेलेल्या माणसाची कातरी मी घेत नसतो, दिने. जिवंत माणसाची उसनी नेतोय. मागायला तू यायचंस."

"आणि पंचायत?"

"पंचायतीत कातरी खिशात असेल. तोंडातून काय निघतं ते बघू," असं म्हणाले आणि प्रार्थना म्हणायला उभे राहिले.

आता वर्ग कोणाला दिला असं या कागदात कुठेच राहिलं नाही, आणि उसन्या वस्तूचं कलम कसं लिहितात ते मला येत नाही. काकांना विचारायला जावं, तर ते कातरी परत देतील अशी भीती वाटते. सहावं कलम खोडून टाकू, की तसंच राहू देऊ? तुम्हाला काय वाटतं?